साडेएकोणीस इंचांवरची नाल

प्रिय विजयसिंह,

पत्राला 'प्रिय' लागतं म्हणून लावलंय. फोन करणार नव्हतो. फोनवर तू मधेच हसतोस आणि मला वाक्य पुरं करायची सवय आहे.

तुझ्या गाडीचा सोहळा मी मोबाईलवर दोनदा पाहिला. निळे दिवे, धूर, आणि पडदा सरकल्यावर ती पांढरी सेडान. तू कोट घालून सांगितलंस, चार वर्षं खपलो, मराठवाड्याच्या रस्त्यांवर घासून घासून ही घरादाराची गाडी बनवली. मग म्हणालास, "बीडला आमचा एक मिस्त्री आहे. त्यानं विचारलं, लिंबू-मिरचीची टेस्ट घेतली का?" हॉल हसला. नऊ सेकंद, मी मोजलेत. नाव घेतलं नाहीस ते बरं केलंस.

आता तू जे सांगितलं नाहीस ते लिहितो. गेल्या मे महिन्यात काळ्या-पांढऱ्या नक्षीत गुंडाळलेल्या चाचणीच्या तीन गाड्या घेऊन तुझी माणसं बार्शी नाक्यावर माझ्या गॅरेजात उतरली होती. आत पाच माणसं आणि डिकीत ज्वारीची दोन पोती असली की गाडीचं बूड गतिरोधकाला घासतं, हे दहावी नापास तानाजीनं दाखवलं, तुमच्या लॅपटॉपनं न्हाई. आपल्या पाली गावच्या गतिरोधकावर आडवं झोपून पट्टी लावली होती मी. बारा मिलिमीटर कमी पडत होते. ते तुम्ही सुधारलंत, आणि स्टेजवर आभार मानलेस परदेशी सल्लागाराचे.

दुसरी गोष्ट मात्र सुधारली नाहीस. पुढं काही आडवं आलं की गाडीनं आपोआप ब्रेक मारावा, म्हणून तुम्ही नंबरप्लेटखाली बशीएवढा सेन्सर बसवलाय. मी म्हणालो, इकडं नव्या गाडीला नेमकी तिथंच लिंबू-मिरची लोंबते, आणि तिच्यासोबत घोड्याची नाल. नुसतं म्हणालो नाही, बांधून दाखवली. जमिनीपासून साडेएकोणीस इंच. मोकळ्या रस्त्यात नाल हलली आणि गाडी दोनदा जागच्या जागी थांबली. तू सगळ्यांदेखत म्हणालास, "काढ बे ते. अंधश्रद्धेसाठी गाड्या बनवत नसतो आमी." तुझ्या पहिल्या सायकलीला तुझ्या आईनं, छबुकाकूंनी, नाल आणली होती आणि तार मी पिळली होती. तेव्हा अख्ख्या पालीत मिरवलास. तेव्हा का गप होतास?

पहिल्या खेपेतली एक गाडी तू काकूंसाठी पालीला पाठवलीस. त्या शनिवारी तुझा धाकटा आदिनाथ त्यांना घेऊन नारायणगडाला दर्शनाला निघाला, वाटेत माझ्याकडं थांबला. काकू काच खाली करून म्हणाल्या, "तान्या, नाल तूच बांध रं. इज्याच्या सायकलीला बी तूच बांधलीतीस. तुझ्या हातची लई टिकती." पुढचं तुला माहीत आहे. गडाच्या चढावर, समोर चिटपाखरू नसताना, गाडी गचकन थांबली. मागून दुधाचा टेम्पो आदळला. काकूंचं डावं मनगट मोडलं. आदिनाथ घसा कोरडा करून सांगत राहिला की मी ब्रेक दाबलाच नाही, आपसूक थांबली. तुझ्या कंपनीचे दोघं आले, सेन्सर तपासला, ठणठणीत निघाला, म्हणून दोष आदिनाथच्या पायाचा ठरला. तू सख्ख्या धाकट्या भावाला म्हणालास, "बैलगाडीच हाकत बस." आज एकोणीस दिवस झाले. तो स्टिअरिंगला हात लावत नाही, आईच्या खोलीत जात नाही. परवा गॅरेजात आला होता. म्हणाला, "तानाजीभाऊ, माझाच पाय पडला असंल. मला आता आठवंना झालंय."

हे पत्र त्या वाक्यासाठी आहे. त्याचा पाय पडला नव्हता. काकूंनी नाल पुढं केली तेव्हा मी ती बाजूला, दिव्याखाली बांधू शकलो असतो. टेप काढून, मोजून, साडेएकोणीस इंचांवर बांधली. वाटलं, नाक्यावरच गाडी एकदा गचका देईल, आदिनाथ तुला फोन लावील, आणि तुला मला विचारावं लागेल. मागून येणारं वाहन मी मोजलं नव्हतं. मोडकी गाडी ओढून माझ्याच दारात आणली, तेव्हा तुझी माणसं पोचायच्या आत मी पकडीनं तार तोडून नाल काढून घेतली. म्हणून सेन्सर ठणठणीत निघाला. ती नाल पत्रासोबत पाठवतोय, तार तशीच आहे, गाठ माझी आहे, तू ओळखशील. सेन्सरची जागा चुकलीय हे माझं म्हणणं आजही बरोबर आहे, आणि ती तुला बदलावी लागेल. पण ते नंतर. आधी आदिनाथला फोन कर. काकूंना मी उद्या सकाळी स्वतः जाऊन सांगतोय.

तुझाच, नऊ सेकंदांचा मिस्त्री,
तानाजी