हा तो काढा नव्हे

अण्णा, सुंठ आख्खी आणायची, पूड आणायची नाही, एवढंच मला पक्कं आठवलं. पिंपळी किती, ज्येष्ठमध किती, अडुळशाची पानं आधी घालायची की पाणी आटत आल्यावर, हे तुम्ही कधी सांगितलंच नाहीत. आईला वाटायचं, तुम्ही मला शिकवलंय. मला वाटायचं, आईला येतं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि हे आम्हा दोघींना आत्ता कळलं, सर्जापूर रोडवरच्या माझ्या फ्लॅटमध्ये, गॅससमोर एकमेकींची तोंडं बघताना.

आईला खोकला झाला होता. डॉक्टर म्हणाले, छाती साफ आहे, रेंगाळणारा खोकला आहे, जाईल. पण राजाजीनगरच्या घरात ती एकटी खोकत बसलेली मला बघवेना, म्हणून इकडे घेऊन आले. आली ती अट घालूनच. "त्यांचा तो काढा करून घाल. तो जमला की मी माझ्या घरी जाते. सरी ना?" मी मान डोलावून सरी म्हटलं. तिनं आता इथंच राहावं असं मला फार वाटतं, ते बोलले नाही. तिच्याशी वाद घालून कोण जिंकलंय? तुम्ही तरी कधी जिंकलात?

मग मल्लेश्वरमला गेले, तुम्ही मला न्यायचात त्याच काष्ठौषधींच्या दुकानात. गल्ल्यावरचा माणूस वेगळा आहे, वास तोच. सगळं थोडं थोडंच घेतलं, कारण जास्त आणलं की जुनं होतं आणि जुनं औषध म्हणजे नुसता पाला, असं तुम्ही म्हणायचात. घरी येऊन कप्पा शोधायला लागले. गॅसवरचा नको, वाफ लागते. खिडकीजवळचा नको, ऊन लागतं. शेवटी फ्रीजच्या बाजूचे कॉर्नफ्लेक्सचे डबे हलवले आणि तिथं काचेच्या कोरड्या बरण्या लावल्या. एकदा धण्यांच्या बरणीत मी ओला चमचा घातला होता, आठवतं? तुम्ही बरणी माझ्या नाकासमोर धरून म्हणालात, "घाल, अजून पाणी घाल. बुरशी खाऊन बरे होऊ सगळे." मी दिवसभर रुसले होते. अजूनही मी चमचा एकदा पुसते आणि मग उगाच परत पुसते. नवरा पुण्याचा, त्याला सगळ्याची गंमत. "दवाखान्याचं उद्घाटन कधी?" म्हणतो.

तेव्हापासून रोज सकाळी काढा. आई एक घोट घेते, मान हलवते. "हा तो नव्हे."

"काय कमी आहे?"

"ते मला काय ठाऊक? उद्या पिंपळी स्वल्प वाढवून बघ."

आणि इथंच माझा गोंधळ सुरू होतो. आईनं तुमचा काढा कधी प्यायलाच नव्हता, अण्णा. तुम्ही पेला तिच्या हातात देऊन चपला घालायला वळायचात, आणि ती तो मोरीत ओतून रिकामा पेला तुम्हाला दाखवायची. मी मात्र तुमच्या धाकानं थेंबन् थेंब प्यायचे, म्हणून चव मला माहीत आहे. तिला कशी माहीत? विचारलं तर म्हणाली, "वासानं कळतं." मग मला प्रश्न पडला, तुम्हाला मोरीचं ठाऊक होतं का? ठाऊक असूनही करत होतात? कशासाठी? आणि खोकला तर तिचा केव्हाच गेलाय. सुंठीवाचून गेला म्हणायचीही सोय नाही, सुंठ रोज उकळतेय. तरी मी खोलीत गेले की ती मुद्दाम खोकते. तिला राहायचंय, पण मागायचं नाही, असं आहे का? की ती खरंच तो काढा शोधतेय, मागं कधी न प्यायलेला? मला काही म्हणता काही उमगत नाही. विचारायला जावं, तर ती उठून बॅग भरेल अशी भीती वाटते.

हे पत्र टाकायला पत्ता नाही. असता तरी टाकलं नसतं, कारण औषध बिघडवलेलं तुम्हाला कधी खपलं नाही. काल काढा जमला, अण्णा. चमचाभर चाखला, घसा तसाच जळला आणि मागून तीच गोडी आली. तुम्ही आता बाहेरच्या खोलीत आहात असं वाटून मला रडू आलं. बाहेरून आईच्या आवाजात आलं, "झाला का गं?" मी ओव्याची बरणी काढली आणि मूठभर ओवा पातेल्यात टाकला. आईनं घोट घेऊन तोंड वाकडं केलं. "हा तर मुळीच नव्हे," म्हणाली, आणि पाय वर घेऊन सोफ्यावर नीट बसली. "उद्या ज्येष्ठमध वाढव." वाढवते म्हटलं.