लिटरमागे चार किलोमीटर

४ जानेवारी

चि. ठकूस अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघं मजेत आहोत. तुझी मामी ते कबूल करणार नाही, पण आहोत.

पत्राला कारण तसंच मोठं आहे. वरच्या मजल्यावरच्या विमावाल्याने मला चुंबकांची एक जोडी आणून दिली. इंजिनाकडे जाणाऱ्या पेट्रोलच्या नळीला ती दोन्ही बाजूंनी बांधायची. पेट्रोलचे कण म्हणे एरवी ढकलाढकली करत जातात, चुंबकामुळे ते शिस्तीत रांग लावतात आणि पुरते जळतात. तू हसशील म्हणून आधीच सांगतो, मीही हसलो होतो. पण पस्तीस वर्षं मोजणी खात्यात घालवलेला माणूस हसून थांबत नाही, तो मोजतो. वही केली. चुंबकाआधी लिटरला तेरा किलोमीटर, चुंबकानंतर सतरा. सलग तीन टाक्या! आता बोल.

२५ फेब्रुवारीला वसाहतीच्या सभागृहात मी या विषयावर बोलणार आहे. विमावाल्याला अशा जोड्या विकायच्या आहेत, त्यानेच पत्रकं छापलीत. त्यावर माझा मोजणीच्या दुर्बिणीशेजारचा जुना फोटो आहे आणि खाली मोठ्या अक्षरांत ‘मोजणीसाहेब सांगतात’ असं लिहिलंय. चाळीसेक घरं येणार. तू इंजिनं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत आहेस, तेव्हा तुझ्या साहेबांच्या चार ओळी मिळाल्या तर दुधात साखर पडेल.

माया आहेच, चार ओळी आल्या की दुप्पट होईल.

तुझा मामा


११ जानेवारी

ती. मामांस सा. न.

पत्र पोचलं. फोटोतला तुमचा तो रुबाब मला चांगला आठवतो. लहानपणी मी तुमच्या फितीचं दुसरं टोक धरून उभी राहायचे, आणि जरा ढिली पडली की तुम्ही ओरडायचात.

साहेबांना विचारायचं धाडस झालं नाही. असल्या वस्तूंचं नाव काढलं की ते चष्मा काढून पुसायला लागतात आणि मग दिवसभर कुणाची धडगत नसते. म्हणून आधी मीच विचारते. चुंबक लावल्यापासून गाडीत किंवा गाडी चालवण्यात आणखी काही बदललं का? त्याच्यासोबत काही कागद आला होता का?

मामीला नमस्कार. राग न धरता उत्तर द्यावं, ही विनंती.

तुमची ठकू


१७ जानेवारी

चि. ठकूस मामीचे आशीर्वाद.

तुझ्या प्रश्नाला यांनी ‘काहीही बदललेलं नाही’ असं एका ओळीचं उत्तर लिहिलं. ते पत्र मी टाकते म्हणून घेतलं आणि पर्समध्येच ठेवलं. खरं उत्तर मी लिहिते.

बाई गं, सगळंच बदललंय! गाडी पन्नासच्या वर जात नाही, गर्दीत तर नुसती रांगते. परवा एक सायकलवाला शेजारून चालला होता, त्याने खिडकीत वाकून काही मदत हवी का म्हणून विचारलं. लांबवर लाल दिवा दिसला की हे पाय काढून घेतात आणि गाडी आपसूक थांबायची वाट बघतात. मागचे लोक भोंगे वाजवतात, तर हे त्यांना पुढाऱ्यासारखा हात करतात. दर रविवारी चाकांत हवा. डिकीतून छत्र्या गेल्या, सतरंजी गेली, माझी घडीची खुर्ची गेली आणि शेवटी स्टेपनीही गेली. ती आता आमच्या बैठकीच्या खोलीत आहे. मी तिच्यावर कुंडी ठेवलीय.

मग व्हायचं तेच झालं. गेल्या गुरुवारी माझ्या दाढेसाठी निघालो आणि वाटेत चाक बसलं. यांनी डिकी उघडली, आत बराच वेळ पाहिलं आणि मग मला सांगितलं की चालणं दाढेला चांगलं असतं. मी चालत दंतवैद्याकडे गेले. हे घरी जाऊन चाक घेऊन बसने परत आले. कंडक्टरने चाकाचंही तिकीट फाडलं.

हे सगळे उद्योग चुंबकाच्या डबीतल्या कागदात सांगितलेत. कागद सोबत पाठवतेय. तूच काय ते सांग यांना. माझं ऐकत नाहीत, आणि माझी दाढ अजून दुखतेय.

तुझी मामी


२४ जानेवारी

ती. मामांस सा. न.

हे पत्र मी तीनदा लिहून फाडलं. आता सरळच लिहिते.

कागद वाचला. मामीवर रागावू नका, मीच मागितला होता. त्यातल्या दहा सूचनांपैकी नऊ अगदी खऱ्या आहेत. वेग कमी ठेवा, चाकांत पुरती हवा भरा, ओझं काढा, दाबून ब्रेक मारू नका. एवढं केलं की कोणतीही गाडी लिटरमागे जास्त पळते. दहावी सूचना चुंबक बांधण्याची आहे. मामा, मुळात पेट्रोल चुंबकाला जुमानतच नाही. शिवाय धडधाकट इंजिनात शंभरातले अठ्ठ्याण्णव-नव्याण्णव भाग पेट्रोल एरवीही जळतंच. उरलेल्या एक-दोन भागांतून तुमचे चार किलोमीटर कसे निघणार? आमच्याकडे अशा अकरा वस्तू तपासायला आल्या होत्या. एकीचाही उपयोग झाला नाही.

तुमचा आकडा खरा आहे. तो चुंबकाचा नाही, तुमच्या पायाचा आहे.

विमावाल्याच्या शब्दावर कुणी काही घेणार नाही, तुमच्या शब्दावर चाळीस घरं घेतील. म्हणून माझा जीव खालीवर होतोय. माझ्यावरही विश्वास ठेवू नका, पुन्हा मोजा. तोच रस्ता, तीच वेळ, तोच वेग. दर फेरीआधी मामीने चिठ्ठी काढावी आणि चुंबक लावावं किंवा काढावं. तुम्हाला त्याचा पत्ता लागू द्यायचा नाही. आठ फेऱ्या करा.

रागवा हवं तर, पण बोलणं टाकू नका.

तुमची ठकू


३० जानेवारी

चि. ठकूस आशीर्वाद.

पत्र वाचून दोन दिवस मी कुणाशी बोललो नाही. तुझ्या मामीने त्याचा भरपूर फायदा घेतला.

मी मोजलेल्या हद्दींवरून भाऊ-भाऊ कोर्टात गेले, पण माझी मोजणी कधी हलली नाही. आणि आता जिला मी फीत धरायला शिकवलं ती मला मोजायला शिकवणार! तरीही पुन्हा मोजा म्हटल्यावर नाही म्हणणं माझ्या रक्तात नाही. आठच काय, दहा फेऱ्या करीन. चुंबक जिंकलं तर तुझ्या त्या चष्मेवाल्या साहेबांनी सभागृहात येऊन पहिल्या रांगेत बसायचं.

आशीर्वाद दिलेत ते परत घेत नाही, एवढं समज.

मामा


२६ फेब्रुवारी

चि. ठकूस आशीर्वाद, आणि दाढ काढली हेही कळवते.

फेऱ्या झाल्या. पाण्याच्या टाकीपासून रेल्वे फाटक, तिथून परत, असं करत रोज ठरावीक अंतर आणि शेवटी त्याच पंपावर टाकी काठोकाठ. रोज सकाळी हे भिंतीकडे तोंड करून उभे राहत आणि मी बॉनेट उघडत असे. या वयात मला गाडीचं पोट ओळखता यायला लागलं. चुंबक लावायचं नसेल त्या दिवशी ते माझ्या पर्समध्ये, वजनात फरक नको म्हणून. किल्ल्या त्याला अशा चिकटून बसायच्या की घराचं दार उघडायच्या आधी यांच्या नजरेआड ओढाताण करून त्या सोडवाव्या लागायच्या. हे सारखे माझा चेहरा वाचायला बघत, म्हणून मी काळा चष्मा लावून बसायचे. तिसऱ्या दिवशी तर यांनी जाहीर केलं की आज गाडी लोण्यासारखी चाललीय, आज चुंबक नक्की आहे. मी पर्स घट्ट धरली आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

रोजची चिठ्ठी मी पाकिटात बंद करून ठेवत होते, परवा ती पाकिटं फोडली. चुंबक असताना सोळा पूर्णांक आठ, नसताना सोळा पूर्णांक नऊ. यांनी बेरीज तीनदा केली, मग मला करायला लावली. मग गच्चीत जाऊन बसले. मी चहा नेला तर म्हणाले, की निवृत्तीनंतर पहिल्यांदा कुणीतरी बोलायला बोलावलं होतं. मीही तिथेच बसले.

मी म्हटलं होतं की तब्येतीचं कारण सांगून जाऊच नका. पण गेले. सभागृह भरलं होतं. विमावाल्याने मागे टेबलावर डब्यांचा डोंगर रचला होता. यांनी फळ्यावर दोन रकाने काढले, आकडे लिहिले आणि सांगितलं की पत्रकावर माझा फोटो आहे, तर चूकही माझीच आहे, हे चुंबक काही करत नाही. विमावाल्याने उठून सारवासारव केली की साहेबांची गाडी जुनी आहे. त्यावर यांनी त्याला तिथल्या तिथे त्याच्या नव्या गाडीच्या दहा फेऱ्यांचं आमंत्रण दिलं. तो खाली बसला. एक आजोबा मात्र हटून बसले की फ्रिजवर कागद चिकटवायला छान आहे, आणि त्यांनी एक जोडी घेतलीच. बाकीचे यांच्याभोवती गोळा झाले आणि चाकांत हवा किती ठेवायची ते विचारत राहिले. हे तासभर बोलत होते. मग बाजारात जाऊन आलो ते पूर्वीच्या वेगाने, त्यांना भानच नव्हतं.

तुझ्यावर राग नाही. स्वतः लिहितील, धीर धर.

तुझी मामी


९ मार्च

चि. ठकूस अनेक आशीर्वाद.

तुझं बरोबर होतं. हे वाक्य जपून ठेव, पुन्हा मिळणार नाही.

सभेनंतर दाराची घंटा थांबत नाही. शिंपीणबाईंनी वीज वाचवणारी पेटी आणून ठेवलीय, तळमजल्यावरच्या निवृत्त हेडमास्तरांनी पाणी वाचवणारा नळ. सगळ्यांचं एकच, साहेब, जरा मोजून सांगा. मी तारखा देतोय. दारावर पाटी लावावी असं तुझी मामी उपहासाने म्हणाली, मला ती कल्पना पसंत पडली.

सध्या विमावाला शरण आलाय. त्याच्याकडे केस उगवणाऱ्या तेलाची पेटी पडून आहे, आणि या वेळी विकण्याआधी मोजा असं तो स्वतःहून म्हणाला. प्रयोगाला टक्कल लागतं. वसाहतीत त्याच्याइतकं गुळगुळीत दुसरं नाही, म्हणून त्यालाच बसवलं. मधोमध दोरा धरून डोक्याची हद्द आखली. डावीकडे एका बाटलीतलं, उजवीकडे दुसरीतलं. एकीत त्याचं तेल, दुसरीत साधं तेल. कुठलं कशात ते फक्त मामीला ठाऊक. ती काळा चष्मा लावून रोज सकाळी त्याचं डोकं चोळते आणि मी भिंग घेऊन मोजतो. आजचा निकाल असा: डावीकडे तीन, उजवीकडे चार. तो उजव्या बाजूवर फार खूश आहे.

असा प्रयोग किती दिवस चालवावा, हे तुझ्या साहेबांना विचारून कळव. ते चष्मा पुसायला लागले तर पुसू देत, पण विचार.

मामा