अक्कामावशीच्या शेततळ्याची खोली

२ मार्च, रविवार

आजपासून रोज लिहायचं. उद्या कुणी विचारलं, सुरुवात कशी केलीत, तर आठवत बसायला नको.

मशीन आलं! पोर्टेबल इको साउंडर. जेवणाच्या डब्याएवढं यंत्र, त्याला वायर, वायरीच्या टोकाला सेन्सर. सेन्सर पाण्यात बुडवला की आवाज तळापर्यंत जाऊन परत येतो आणि स्क्रीनवर खोली दिसते. सेकंडहँड आहे. बायकोला, म्हणजे अंजलीला, फक्त 'इम्पोर्टेड' सांगितलं. दोन्ही खरंच आहे.

साइट इंजिनियरची नोकरी सोडली ते बरंच झालं. जमीन सगळेच मोजतात, पाणी कोण मोजतो? बारामती-इंदापूर पट्ट्यात जिकडे बघावं तिकडे शेततळी. आधी शेततळी, मग पाझर तलाव, मग थेट उजनी. व्हिजिटिंग कार्डावर 'रवींद्र कचरू भोसले, जलसर्व्हे तज्ज्ञ' छापायला टाकलं. अंजली म्हणाली, आधी एखादं काम तरी कर. ती बँकेत आहे, तिला धंद्यातलं कळत नाही.

गच्चीवरच्या टाकीत टेस्टिंग केलं. रीडिंग आलं नाही. टाकी उथळ आहे, यंत्राचा दोष नाही.

५ मार्च

पहिलं काम मिळालं. लासुर्ण्याची अक्कामावशी, आईची धाकटी बहीण. आई गेल्यापासून जळोचीला आमच्याकडे शेंगाचटणी तिच्याकडूनच येते. काका नाहीत, एकटी डाळिंबाची बाग सांभाळते. कॅनॉलचं आवर्तन आलं की शेततळं भरून घ्यायचं आणि पुढच्या आवर्तनापर्यंत त्यावर बाग जगवायची, असं तिचं चालतं.

तिनं बोलावलं नव्हतं, मीच फोन केला. म्हणाली, खोली म्हाईत हाय की रं, खांदताना मी हितंच हुते. मी समजावलं की माहीत असणं वेगळं आणि डेटा वेगळा. म्हणाली, बरं ये, जेवायलाच ये.

९ मार्च, रविवार

सर्व्हे यशस्वी.

हवेची बोट फुगवून तळ्यात उतरलो. वाऱ्यानं बोट एका जागी ठरेना, रीडिंग उड्या मारायला लागलं. अँकर पाहिजे, मॅन्युअलमध्येही लिहिलंय. शेडमध्ये नांगराचा जुना फाळ पडला होता. त्याला माझी नारिंगी नायलॉनची दोरी बांधली. मावशी भाकरी थापत होती, म्हणून विचारलं नाही. उगाच कशाला डिस्टर्ब करा.

फाळ टाकला की बोट जागच्या जागी उभी. एक नंबर आयडिया. शेवटच्या पॉइंटला मात्र दोरी हातातून सुटली आणि फाळ दोरीसकट तळाशी गेला.

शेततळ्याला खाली प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो, पाणी मुरू नये म्हणून. ते त्या क्षणी मनात आलं. पण फाळ जुना होता, म्हणजे बोथटच असणार. विषय संपला.

खोली अकरा फूट. मावशी म्हणाली, आकराच खांदलं हुतं. म्हणजे मशीन अचूक आहे.

बांधावर बिरू उभा होता. मावशीचा शेजारी, मेंढरं राखतो. काका गेल्यापासून मोटर बिघडली, साप निघाला, काहीही झालं की मावशी त्यालाच हाक मारते. त्या बदल्यात त्याची मेंढरं तिच्या हौदावर पाणी पितात. मला म्हणाला, सायेब, मासं दिसत्यात का ओ यात? मी हसून सोडून दिलं.

जेवायला पिठलं-भाकरी, ठेचा. मावशीनं बाग फिरून दाखवली. औंदा माल चांगला धरलाय म्हणाली, याच्यावर घराचं पत्रं काढून स्लॅब टाकायचा. पावसाळ्यात पत्र्याखाली तिला झोप लागत नाही.

घरी येऊन डेटा पाहिला. शेवटच्या पॉइंटला तळावर छोटासा उंचवटा दिसतोय. नॉइज. डिलीट केला.

१६ मार्च

मावशीचा फोन. पानी लई उतरलंय म्हणाली. मार्च आहे, बाष्पीभवन होणारच. पण काळजी नको म्हणून फॉलो-अप सर्व्हे फ्रीमध्ये देतो म्हणालो.

१८ मार्च

नऊ फूट.

तापमान वाढलं की पाण्यातला आवाजाचा वेग बदलतो. रीडिंगमध्ये फरक पडू शकतो. हिशोब केला, फरक दोन-तीन इंच. परत केला, तेवढाच. मग हिशोब बंद केला.

मावशीनं जेवताना विचारलं, शेडातला फाळ बघितलास का रं? लव्हाराकडनं धार लावून आनला हुता, कुठं गेला कळंना. मी नाही म्हणालो. का म्हणालो माहीत नाही, तोंडातून गेलं. वांग्याचं भरीत होतं, माझ्या आवडीचं मुद्दाम केलेलं.

२३ मार्च

ठरलं. उद्या फोन करून सांगायचं. साध्या भाषेत नको, टेक्निकल भाषेत, म्हणजे तिला धक्का बसणार नाही.

२४ मार्च

रेंज नव्हती.

२५ मार्च

रेंज होती. पण मावशीचा आवाज दमलेला वाटला. अशा वेळी सांगणं माणुसकीला धरून नाही.

३० मार्च

सात फूट.

मावशीनं कारण शोधून काढलंय. बिरूचा कुत्रा वाघ्या दिवाळीत तळ्यात पडला होता आणि नखं ओढत वर आला होता. कागद त्यानंच फाडला म्हणते. मला विचारलं, तुजं मशीन काय म्हनतंय, आसं झालं आसंल का? मी म्हणालो, शक्यता नाकारता येत नाही.

हे टेक्निकली बरोबर आहे. कुठलीच शक्यता कधी नाकारता येत नाही. दिवाळीत फाटलेला कागद मार्चपर्यंत कसा थांबला, हे तिनं विचारलं नाही, म्हणून मीही सांगितलं नाही.

६ एप्रिल

प्रकरण वाढलं. मावशीनं बिरूच्या मेंढरांना हौद बंद केला. वर्षानुवर्षांचा शेजार आणि आता दोघं एकमेकांकडे बघत नाहीत.

लासुर्ण्याहून निघताना बिरू माझ्या गाडीपाशी येऊन थांबला. म्हणाला, सायेब, तुमी शिकल्यालं हायसा, कुत्र्याच्या नखानं येवढं व्हतंय व्हय? मावशीस्नी जरा सांगा की. मेंढरं लांब कॅनॉलवर न्यावी लागत्यात. मी सांगतो म्हणालो. वाघ्या माझे बूट हुंगत होता. त्याला बिस्किटं घातली, अख्खा पुडा.

घरी अंजली म्हणाली, चेहरा का उतरलाय? ऊन फार आहे, म्हणालो. लाज वाटतेय. इथं लिहायला हरकत नाही, इथं कोण वाचतंय.

तीन व्हिजिटिंग कार्डं वाटली. एक बिरूला दिलं होतं, ते परत मागावंसं वाटतंय.

१४ एप्रिल

जयंतीला लासुर्ण्याला गेलो. जायचं नव्हतं, पण मावशीला दरवर्षी सवय आहे.

विहारात सगळ्यांनी मिळून पंचशील म्हटलं. चौथं शील आलं, मुसावादा वेरमणी, खोटं बोलणार नाही. नेमका तिथंच मला खोकला आला. खरा खोकला होता, निदान सुरुवातीला तरी. मावशी उठून पाणी घेऊन आली, पाठीवरून हात फिरवला. त्या हातानं जास्त त्रास झाला.

दरवर्षी मिरवणुकीत बिरू त्याचा ढोल घेऊन पुढे असतो. यंदा आला नाही. मावशी सारखी रस्त्याकडे बघत होती. मग स्वतःच म्हणाली, ढोलाबिगर सुनं सुनं वाटतंय न्हाय?

जेवताना सहज बोलल्यासारखं तिनं सांगितलं की खालच्या अंगाच्या झाडांचं पाणी तोडलं. आवर्तन अजून लांब आहे, सगळी जगणार नाहीत, म्हणून वरची धरली. आन स्लॅबचं बगू फुडच्या साली, म्हणाली.

रविवारी सांगायचं. रेंज असो, नसो.

२० एप्रिल, रविवार, सकाळ

भाषण तयार आहे. आधी शेततळ्यांच्या एकूण समस्या, मग जमिनीची प्रत, मग कागदाचं आयुष्य, आणि शेवटी ओघात फाळ. आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं. छान होतंय. मशीन बरोबर घेतोय, लागलं तर असावं.

२० एप्रिल, संध्याकाळ

बागेतून जाताना खालच्या झाडांखाली लिंबाएवढी डाळिंबं गळून पडलेली. त्यांच्यावरून चालावं लागलं.

तळ्याच्या बांधावर मावशी आणि बिरू, दोघंही. मोटर हवा ओढायला लागली तेव्हा मावशीनं शेवटी त्यालाच हाक मारली होती. दुसरं कोण आहे तिला? मी आहे म्हणा.

तळ्यात तळाला थोडं पाणी राहिलं होतं. त्याच्या मधोमध फाळ उभा, कागदात निम्मा रुतलेला. त्याला नारिंगी दोरी. तसल्याच दोरीचं उरलेलं भेंडोळं माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर असतं, आणि दर खेपेला त्याच्याच शेजारी मावशी चटणीची बरणी ठेवते.

भाषणाचं पहिलं वाक्य आठवेना. माझ्या हातून पडला, एवढंच म्हणालो. मावशी म्हणाली, दिसतंय की. मग फाळाकडे बघतच म्हणाली, मशीनला दिसला न्हाय व्हय रं?

यावर सांगण्यासारखं पुष्कळ होतं. बॅटरी, सिग्नल, सेकंडहँड माल.

दिसला होता, म्हणालो. मी पुसून टाकला.

ती चिडली असती तर सोपं गेलं असतं. ती बिरूकडे वळली. म्हणाली, बिरूबा, तुला नाय नाय ते बोलले रं मी. बिरू म्हणाला, ऱ्हाऊ द्या मावशी, सांच्याला मेंढरं आनतो हौदावर. माझ्याकडे दोघांनीही पाहिलं नाही.

मग मावशी मला म्हणाली, बूट काढ आन उतर, फाळ काढून आन. उतरलो. कागद शेवाळानं निसरडा, दोनदा बसकण मारली. वाघ्या बांधावरून बघत होता. आज त्याच्यासाठी बिस्किटं आणायची राहिली.

फाळाला हात घातला तेव्हा मावशीनं वरून विचारलं, किती पानी ऱ्हायलंय रं?

मशीन गाडीत होतं. घोट्याएवढं, म्हणालो.