सहा मीटरवरची वही

१२ एप्रिल, रविवार
नाक चिमटीत धरून फुंकतो आहे, फुंकतो आहे, डावा कान मोकळा होत नाही. पाण्याखाली जेमतेम दोन मीटर. डायव्हिंगच्या कोचबाई खालून खुणेने विचारतात, ठीक? अंगठा वर केला, म्हणजे वर जायचं. गेलो.
तळ्यात बुडालेली मालवाहू बोट सहा मीटरवर आहे. सुकाणूच्या खोलीत डबा, डब्यात न भिजणाऱ्या कागदाची वही. सापडला की पेन्सिलीने नाव आणि तारीख लिहायची, मग खेळाच्या वेबसाइटवर ‘सापडला’ अशी नोंद करायची. एवढाच खेळ.
काठावरून मुलीने ओरडून विचारलं, बाबा, सापडला? हो म्हणालो. जागा तर सापडलीच होती.
संध्याकाळी साइटवर नोंद केली. ‘पाण्याखाली फारसं दिसत नव्हतं,’ असं लिहिलं. हे खरं आहे.

१९ एप्रिल
मुलीने गावभर केलं. मेहुण्याचा फोन. म्हणाला, दाजी, या वयात! सूर आवडला नाही.
ठराव: जूनच्या आत खरोखर उतरायचं. म्हणजे नोंद खोटी ठरणार नाही, आगाऊ ठरेल.

३ मे
बादलीत डोकं घालून सराव. ठरली होती वीस मिनिटं, झाली चार. ही म्हणाली, निदान फरशी तरी पुसून घे.

१० मे
सर्दी.

१७ मे
सर्दी नव्हती. गेलो नाही.

२४ मे
मुलगी डायव्हिंग शिकते आहे. म्हणे, बाबाला जमतं तर मला का नाही? कोचबाई म्हणाल्या, हिचे कान पटकन मोकळे होतात. शेवटी कान कोणाचे आहेत!
१४ जूनला डबा शोधायला उतरणार आहे. मला म्हणाली, तुझ्या नावाखाली माझं नाव लिहीन.
जेवण गेलं नाही.

७ जून, दुपारी
मुलगी मैत्रिणीकडे. कोचबाईंना म्हणालो, बोट पुन्हा एकदा बघावीशी वाटते. त्या ‘पुन्हा’ म्हणाल्या आणि सिलिंडर आणायला गेल्या.
रस्ता ओलांडून द्यावा तसा माझा हात धरून त्यांनी मला खाली नेलं. सहा मीटरला अठरा मिनिटं. पण पोचलो! त्या दाराबाहेर थांबल्या. टॉर्च दातात धरता येत नाही, कारण दातात हवेची नळी असते. बगलेत धरला. शेवटच्या नावाखाली माझं नाव लिहिलं, पुढे १२ एप्रिल. वरची नावं वाचत बसलो नाही. लोकांचं लिहिलेलं वाचू नये.
आता सगळं नियमात बसलं.

१४ जून
मुलगी नऊ मिनिटांत खाली जाऊन वर. कोचबाईंनी सगळ्यांदेखत विचारलं, बाबांचं नाव दिसलं का? ती मास्क काढत होती. आहे, म्हणाली. मास्कमधलं पाणी ओतून पुन्हा म्हणाली, आहे ना.
मी तोवर दोघातिघांना पाण्याचा दाब समजावून सांगत होतो.
गाडीत ती मागे बसली. अर्ध्या वाटेत म्हणाली, बाबा, ती वही नवीन आहे. जुनी भरली म्हणून मेअखेर बदलली, तसं पहिल्या पानावर लिहिलंय.
मी म्हणालो, अस्सं.
तुझ्या वरचा माणूस तीन जूनचा आहे, म्हणाली.
मी वायपर सुरू केले. पाऊस नव्हता.
मग म्हणाली, मी माझं नाव पुढच्या पानावर लिहिलं.
घरी हिने विचारलं, कसं झालं? मुलगी म्हणाली, मस्त, आणि आंघोळीला गेली.

१५ जून, सकाळी
साइटवरची नोंद काढली. कारण विचारतात. तो रकाना रिकामा ठेवला.
सात तारखेला मी खरंच खाली गेलो होतो, निदान एवढं सांगावं म्हणून स्वयंपाकघरात गेलो. मुलगी आईला बोटीबद्दल सांगत होती. मला बघून थांबली. मी पाणी पिऊन परत आलो.