न गुणगुणणारी माशी

प्रिय ऑर्नेला,

खुराड्यामागच्या भिंतीच्या फटीतून एक मुलगी कागद ओढून काढत होती आणि तुझे बाबा मागून ओरडत होते, "हळू! माझ्या आजोबांनी रचलेले दगड आहेत!" कागदाला एरंडेल फासलेलं होतं, माशा चिकटाव्यात म्हणून. ही इलारिया. सिएनाहून माशांचा अभ्यास करायला आली आहे. तुझ्याहून लहान, केस पोरांसारखे कापलेले. "या मावशी, बघा," म्हणाली आणि भिंग माझ्या हाती दिलं. तिळाहून लहान माशी, अंगभर लव, पंख उभे धरलेले. मी म्हटलं, एवढीशीच? ती म्हणाली, एवढीशीच.

आता मी तिला दिवसभर प्रश्न विचारते. ही माशी पाण्यात अंडी घालत नाही, हे तुला ठाऊक होतं? मातीत घालते, कोंबड्यांच्या कचऱ्यात, भिंतीच्या गारव्यात. आणि आम्ही नगरपालिकेने दिलेल्या डासांच्या गोळ्या गटारात टाकत होतो, कुंड्यांखालच्या बशा रोज उपड्या करत होतो. बाबांनी पिंप पालथं घातलं आणि उन्हं उतरली की खुराड्याशेजारी खाटेवर, मच्छरदाणीत निजायला लागले. "डासांना माझ्या घरात थारा नाही," असं शेजारच्या ड्विलिओला ऐटीत सांगायचे. इलारियाने ती जाळी भिंगाखाली धरली आणि हसलीच. या भोकांतून माशी सहज आत जाते. चावताना गुणगुणतही नाही.

रविवारी तू पुन्हा विचारलंस, बाबा फोनवर का येत नाहीत. मी म्हटलं, जैतुनाच्या बागेत गेलेत. त्याआधी म्हटलं होतं, खुराडं झाडताहेत. तू म्हणालीस, म्हणजे ईस्टरचा राग गेलेला नाही; मग या ऑगस्टला पोराला, नेरीला घेऊन मी येत नाही. बाग विका आणि तोरिनोला फ्लॅटमध्ये या, असं तू म्हणालीस तेव्हा ते ताटातलं कोकराचं मटण टाकून उठले, हे खरं. पण पुढचं ऐक.

जूनमध्ये त्यांना ताप आला. ड्विलिओ म्हणाला, "ऊन लागलं. म्हातारा अजून स्वतःला तरणा समजतो!" हे म्हणाले, "तुझी आंबट वाइन बाधली." दुसऱ्या दिवशी मान वाकेना, उजेड सोसेना, आणि मला त्यांनी स्वतःच्या आईच्या नावाने हाक मारली. सिएनाच्या दवाखान्यात पाठीतून पाणी काढून तपासलं. मेंदूच्या आवरणाला सूज होती, त्या माशीच्या विषाणूमुळे. विषाणूला आपल्या तोस्काना प्रांताचंच नाव आहे. शुद्धीवर आल्यावर ते वाचून बाबा खूश: "म्हणजे परका नाही, आपलाच!"

पूर्वी असे रुग्ण क्वचित यायचे, आता दर उन्हाळ्यात वाढताहेत, इलारिया सांगते. उन्हाळा लांबला, माशी डोंगर चढू लागली. मी विचारलं, मग मला कसं नाही झालं? तिने माझं रक्त नेऊन तपासलं. मला कधीच होऊन गेलं होतं! कधी, कुठल्या उन्हाळ्यात, काही कळलंसुद्धा नाही. एकाच भिंतीशी बसणारी दोन माणसं. एकाला काही नाही, दुसऱ्याला असं. का, ते तिलाही ठाऊक नाही. मला याचं फार नवल वाटतं.

ऑर्नेला, ते रागावलेले नाहीत. त्यांना तू ऐकू येत नाहीस. त्या आजारात डावा कान गेला, उजवाही मंद झाला. समोरच्या माणसाचे ओठ पाहून समजून घेतात. फोनला ओठ नसतात. कधी कधी ऐकू परत येतं, असं डॉक्टर म्हणतात. तुला सांगायचं नाही अशी मला शपथ घातली आहे: "कळलं तर पुन्हा फ्लॅट, फ्लॅट करेल." तुझा फोन आला की समोर खुर्ची ओढून बसतात आणि माझ्या ओठांवरून तुझं बोलणं ताडत राहतात. फोन ठेवल्यावर विचारतात, नेरी काय म्हणाला, शब्दन् शब्द सांग. त्यांच्यासमोर हे फोनवर बोलता येईना, म्हणून लिहिलं. ये. समोर बसून बोल.

तुझीच,
आई

ता. क. रात्री पाकीट चिकटवायचं राहून गेलं. सकाळी उठले तर बाबा चष्मा लावून हे पत्र वाचत होते. वाचून झाल्यावर अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पोराला जर्दाळू अजून आवडतात का, तेही विचार." विचारलं आहे. आता ते बूट घालून दारात उभे आहेत. पत्र टपालात स्वतःच टाकणार म्हणतात.