पुतळीबाईचे धवळे

१२ फेब्रुवारी १९८९, रोहा
रविवारच्या पुरवणीला माझ्या लेखाचा विषय पसंत पडला! आमच्या आगऱ्यांत एके काळी लग्न बाई लावायची — धवलारीण. पोथी नाही, मंत्र नाहीत, सगळे विधी गाण्यांत. त्या गाण्यांना धवळे म्हणत. पण त्या धवलारिणींतली एक तरी जिवंत भेटायला हवी. चार गावं फिरले. "मेल्या सगल्या," एवढंच ऐकलं.

१५ फेब्रुवारी
कासूची सगुणा भेटली, शाळेतली मैत्रीण. "पेणच्या खाडीवर माजी पुतळीमावशी हाय ना! पन आता तिला कोन बोलावतंय?"
सगुणे, तुझं भलं होवो!

१९ फेब्रुवारी, पेण
सापडली! मिठागराच्या बांधालगत घर. पंचाहत्तरीची असेल. मला ओट्यावर बसवलं. मग माझ्या कपाळाकडे बघून — "नवरा नाय?"
"चार वर्षं झाली."
"माजा मी इशीची असताना गेला. त्याच्या फुडं लगनं लावाया लागले."
माझं पेन थांबलं. विधवा — आणि मांडवाच्या मधोमध! चार वर्षं कुणाच्याही हळदीला मी मागच्या पडवीत बसते. कुणी सांगत नाही. मीच बसते.

२६ फेब्रुवारी
वही बाजूला ठेवायला लावली. "लिवू नको गो. माज्या मागनं म्हन."
अकरा धवळे झाले. घसा बसला. तिने तांदळाची भाकरी न् सुका जवळा वाढला. परतीच्या गाडीत उगाच डोळे भरून येत होते. दुःखाने नाही. इतकं कुणी मला बऱ्याच दिवसांत दिलं नव्हतं.

१२ मार्च
पुतळीबाईच्या नातीचं, शांतीचं लग्न ठरलंय. पोरगी हटून बसली — "आजीच लगीन लावील. नायतर मी उभीच रानार नाय!"

२ एप्रिल, पेण
शांतीचं लग्न. दोन धवळे झाले आणि पुतळीबाईला खोकल्याची उबळ आली. थांबेना. मी मांडवाबाहेर, बायकांच्या पाठीशी उभी. तिने हाताने बोलावलं. मी मान हलवली — नको. मग शांतीच म्हणाली, "या ना हो. उन्हात किती उभं रानार?"
गेले. पहिली ओळ थरथरली. दुसरीला पुतळीबाईने मांडीवर ताल धरला. पुढचं सगळं मी गायलं. तांदूळ पडले, तेव्हा काही माझ्याही डोक्यावर पडले.
म्हातारे, तुझे उपकार कसे मानू?

१६ एप्रिल, रोहा
नागोठण्याहून दोघं आले. दारातूनच विचारलं, "धवलारीण बाय घरात हाय का?"
मी म्हटलं, "हाय. बसा."