शेंगा नकोत, तू ये

९ फेब्रुवारी

नंदाची मुलगी अपेक्षा दारातूनच वालाच्या शेंगा देऊन गेली. "आईनं सांगितलंय, काय लागलं तर सांगा." मी म्हटलं, काही नको. टेंपो उलटून हे गेले, त्याला सदतीस दिवस झाले. मी इद्दतीत — चार महिने दहा दिवस घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. नंदा दोन गल्ल्या पलीकडे राहते. शिळफाट्याला आठ वर्षं एका दुकानात ब्लाउज शिवले आम्ही, एका डब्यात जेवलो. आणि मयतीनंतर बाई फिरकलीच नाही!

२२ फेब्रुवारी

परत शेंगा.

३१ मार्च

ईद. दरवर्षी शीरखुर्म्याची पहिली वाटी नंदाची. यंदा जरासाच केला, तरी तिची वाटी काढून ठेवली. संध्याकाळी सासूबाईंनी काही न बोलता ती फ्रीजमध्ये सरकवली. नंदाचा फार राग आला. रडलेही.

५ एप्रिल

मी "काही नको" म्हणत राहिले तर तिला कळणार कसं? मला जाता येत नाही, म्हणून फोन केला. आधी मनात घोकून घेतलं. म्हटलं, "नंदा, भाजी पाठवू नकोस. तू ये. समजूत घालू नकोस, नुसती शेजारी बस. तू आली नाहीस ते मला फार लागलंय."

ती म्हणाली, "मला वाटलं, तुमच्यात बाहेरच्यांनी यायचं नसतं."

बायकांना कुणी अडवलंय, म्हटलं.

६ एप्रिल

आली. तासभर माझा हात धरून बसली. किती दिवसांनी जेवणाची इच्छा झाली.

उठताना म्हणाली, "काल मी खोटं बोलले गं. तोंड दाखवायची हिंमत नव्हती. माझं शिलाई मशीन दुरुस्तीला चौक गावात पडलं होतं. त्या दिवशी भाईंना टेंपो घेऊन मीच ते आणायला पाठवलं. झिनत, माझ्यामुळं नाय झालं, एवढं एकदा म्हण. मला दुसरं काय नको."

हे मशीन आणायला गेले होते, ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मी ओढणी सारखी करत बसले. तिनं थोडी वाट पाहिली, मग चप्पल घालून गेली.

२० एप्रिल

आज शेंगाही नाहीत.

१३ मे

इद्दत संपली. सगळ्यात आधी नंदाच्या दारात गेले. तिनं दार उघडलं, तशी उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले — तुझ्यामुळं नाही झालं. दोघी रडलो.

मला अजून तसं वाटत नाही. वाटेपर्यंत रोज जाऊन म्हणणार आहे.